सगुणामावशीचं माप

मढच्या बंगल्यांत जाहिरातींची शूटिंगं होतात, तिथे कपड्यांचं काम सगुणामावशी बघते. जाहिरातीत जो कुर्ता बाईच्या अंगावर ओतल्यासारखा बसतो ना, त्याला पाठीमागे सहा-सात चिमटे असतात, दोरीवरच्या कपड्यांना लावतात तेच. ते चिमटे लावणारी ही. सासू सुकी मासळी विकायची, नवरा लहू अजून बोटीवर जातो. हिने मात्र शिलाई मशीन धरलं. माणूस दिसला की हिला आधी माप दिसतं. एकदा चहा पिताना मला म्हणाली, "पद्माताई, छत्तीसची चाळीस झालीस गो!" आठवडाभर मी तिच्याशी धड बोलले नाही.

मी पार्ल्याची, जाहिरातींच्या ओळी लिहिते. परवा एका कुर्त्यांच्या कंपनीसाठी लिहिलं, "तू आहेस तशीच छान." त्याच आठवड्यात कंबर उतरवणाऱ्या काढ्यासाठी लिहिलं, "थोडी कमी हो, जास्त दिस." दोन्ही ओळी लोकांना आवडल्या. मला काही वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

सगुणामावशीची मुलगी कल्पिता एकोणीस वर्षांची. अंगाने भरलेली, आईसारखीच. नाचात पुढच्या रांगेत असायची. कॉलेजात कोणी काय बोललं कोण जाणे, सहा महिन्यांपूर्वी नाच सोडला, बापाचे ढगळ शर्ट घालायला लागली आणि रात्रीचं जेवण बंद केलं. दोनदा चक्कर येऊन पडली. मावशी कासावीस झाली होती. कुर्तेवाल्यांना "खऱ्या मुली" हव्यात हे कळल्यावर तिने माझा हातच धरला. "माझ्या पोरीला घे ना ताई. ती मोठ्या बोर्डावर दिसली ना, की डोक्यातलं खूळ जाईल तिच्या. जेवेल तरी."

मी कल्पिताचे फोटो पाठवले. दिग्दर्शक धवलने ते मोबाईलवर पाहिले आणि कळवलं, झकास. शूटिंगच्या सकाळी मावशीचा फोन आला, "दोन भाकऱ्या खाल्ल्यान गो! बोंबलाबरोबर!" तिचा आवाज ऐकून मलाच भरून आलं.

दिव्यांखाली कल्पिता बरी उभी राहिली, हसलीसुद्धा. धवल मात्र पडद्याकडे बघत चुळबुळत होता. मग सगळ्यांसमोर म्हणाला, "खरी पाहिजे यार, पण इतकी खरी नको." दुसऱ्या कुर्त्यांसाठी गार्गी नावाची मॉडेल आली होती, काडीसारखी. तिला त्याने पुढे बोलावलं. "चेहरा हिचा ठेवू. अंग वाढवू. मावशी, फोम आहे ना? त्या पहिल्या मुलीचं माप घ्या, त्याच्यावरून गाद्या शिवा. थोड्या कमीच ठेवा."

गार्गी पुटपुटली, "गेल्या महिन्यात मला तीन किलो उतरवायला लावले ह्यांनी." कोणी लक्ष दिलं नाही.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला हवं होतं. जाहिरातीचा कागद माझ्याच हातात होता, वर माझीच ओळ होती, "तू आहेस तशीच छान." मी खाली बघितलं. मावशी टेप घेऊन तशीच उभी. शेवटी कल्पितानेच दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, "घे ना आई, लोक खोळंबलेत."

मग मावशीचे हात चालायला लागले. कंबर, पोट, मांड्या. आकडे मोठ्याने बोलायची तिची सवय, सेटवर हे सगळ्यांनाच ठाऊक. वीस वर्षं ती असंच काम करत आलीय. ते आकडेही ती तशीच बोलून गेली. तिसऱ्या आकड्याला कुठेतरी कोणी हसलं, तेव्हा ती दचकून थांबली. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

गाद्या तासाभरात तयार झाल्या. सुबक, शिवण कुठे दिसायची नाही. गार्गी त्या बांधून हसली, कॅमेरा फिरला, जाहिरात झाली. जेवणाच्या सुट्टीत ती आमच्याजवळ आली, पट्टे सोडले आणि सगळ्या गाद्या खुर्चीवर टाकून हुश्श म्हणत ताट घ्यायला गेली.

मावशी घाईघाईने भात कालवत होती, घास करून पोरीच्या तोंडापाशी नेत होती. "खा ना गो. मी बोलून गेली, माझी चूक झाली. एक घास खा, आयेचा." मीही काहीबाही बोलत होते, दुसरी जाहिरात बघू, तुझे फोटो छान आलेत, असलं.

कल्पिताने आईचा हात हळूच बाजूला केला. ती त्या खुर्चीकडे बघत होती.

"तिचं निघालं बघ," ती म्हणाली.