खोब्रागडे सरांच्या पोट्ट्या

घनश्याम खोब्रागडे कुरखेड्याच्या शाळेत आले ते चित्रकला शिकवायला. साल १९९१. वय चाळिशीचं, अंग सडपातळ, चालणं सावकाश. दुसऱ्याच महिन्यात खेळाचे शिक्षक संस्थेच्या दुसऱ्या शाळेत गेले आणि मुख्याध्यापकांनी शिट्टी सरांच्या हातात ठेवली. "नवा माणूस येईपर्यंत सांभाळा," ते म्हणाले. नवा माणूस सतरा वर्षं आला नाही.

सरांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी नागपूरहून खो-खोच्या नियमांचं एक पातळ पुस्तक मागवलं, पेन्सिलीनं खुणा करत दोनदा वाचलं आणि मैदान आखलं. आखलं मात्र असं देखणं, की येणारा-जाणारा सायकल थांबवून पाहायचा. खो-खोच का, तर त्याला बॅट लागत नाही, बॉल लागत नाही. दोन खांब रोवले की झालं. मुलांना क्रिकेट हवं होतं. मुलींना आजवर कोणी काही विचारलंच नव्हतं, त्यामुळे त्या लगेच आल्या.

चौऱ्याण्णव साली दिवाळीनंतर शाळेचं मैदान धानाच्या पोत्यांनी भरून गेलं. खरेदी केंद्राला जागा पुरत नव्हती. सर गावभर फिरले आणि तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी, त्यांना एक सपाट तुकडा सापडला. सकाळी चुना टाकून झाला न झाला तोच ठमाबाई आल्या. तलावात मासेमारी करणाऱ्या, आडव्या बांध्याच्या, आवाज अख्ख्या पाळीवर ऐकू जाईल असा.

"हा चुना कोनं टाकला?"

"मी टाकला, बाई. शाळेच्या मुली खेळतील इथे."

"अन् माये जाळे कुठी वाळतीन? तुमच्या डोक्यावर?"

सरांनी तिथल्या तिथे करार केला. खेळायच्या आधी मुली जाळी गुंडाळून ठेवतील, खेळ झाला की होती तशी पसरतील. एक धागा तुटला तर दुसऱ्या दिवशी कोणी येणार नाही. "आठ दिस पाहीन," ठमाबाई म्हणाल्या आणि जाळ्यांवर नजर ठेवायला आपल्या मुलीला, सहावीतल्या मैनाला, बसवून गेल्या.

एके दिवशी एक मुलगी कमी पडली. सर मैनाला म्हणाले, "तेवढी ती जागा धर." मैनानं जागा धरली ती सोडलीच नाही. महिनाभरानं ठमाबाईंना कळलं. "पोट्टीले जाळे राखाले ठेवलं होतं मास्तर, अन् हे पळून राह्यली!"

"ती नुसती पळत नाही, बाई. ती कोणाला सापडत नाही."

ठमाबाईंनी मुलीकडे नव्यानंच पाहिल्यासारखं पाहिलं आणि जाळं उचललं.

तीन वर्षांनी, सत्त्याण्णव साली, सरांच्या मुली गडचिरोलीला जिल्ह्यात पहिल्या आल्या. डिसेंबरात नागपूरला विभागीय सामने होते. मुलींच्या टीमसोबत एक बाई हवीच, असा नियम. शाळेतल्या एकुलत्या एक मॅडमना नववा महिना लागला होता. सरांची पत्नी अंजनाबाई आरोग्य सेविका. त्यांची नेमकी त्याच आठवड्यात पोलिओची फेरी. पालकांनी एकच सांगितलं, "बाई नाई तं पोट्ट्या नाई."

तीन दिवस उरले तेव्हा सर तलावावर गेले. ठमाबाई कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. सरांनी पाळीवरूनच सगळं सांगितलं.

"मले का येते तिथी?"

"काही यायला नको. मुलींजवळ राहा, झालं."

"मी आरमोरीच्या पलीकडं कधी गेली नाई, मास्तर."

"टीम घेऊन नागपूरला मीही कधी गेलो नाही."

ठमाबाईंनी जाळं ओढून घेतलं, झटकलं. "कोनं आगाऊपणा केला तं मी कानाखाली वाजवीन. मंग मले बोलाचं नाई."

"नाही बोलणार," सर म्हणाले.

नागपूरला पहिल्याच सामन्यात, पहिल्या डावात, मुली चार गुणांनी मागे पडल्या. सरांनी खिशातून ते नियमांचं पुस्तक काढलं आणि उगाचच उघडलं. ठमाबाई रेषेबाहेर उकिडव्या बसल्या होत्या.

"मास्तर, त्यांची ते लंबी पोट्टी पाहा. खो द्याच्या आधी डावा खांदा पाडते. मासा वळाच्या आधी अस्साच अंग टाकते."

सरांनी पाहिलं. खरंच की. सहा वर्षं पुस्तक वाचून जे दिसलं नव्हतं, ते ढळढळीत दिसत होतं. त्यांनी मैनाला जवळ बोलावून सांगितलं. दुसऱ्या डावात मैना चार मिनिटं कोणाच्या हाती लागली नाही, आणि कुरखेडा एका गुणानं जिंकलं.

दुसऱ्या दिवशी मात्र सपाटून हरल्या. परतीच्या एसटीत सगळ्या मुली रडायला लागल्या. "रडून का होते?" ठमाबाई म्हणाल्या. "जाळं काय रोज भरते?" सर खिडकीबाहेर पाहत राहिले, कारण त्यांचेही डोळे कोरडे नव्हते.

त्यानंतर दरवर्षी टीमसोबत ठमाबाई ठरलेल्या. मुली बदलत गेल्या. कोणी पोलिसात लागली, कोणी धानाच्या शेतावरच्या घरात नांदायला गेली, मैना धानोऱ्याकडच्या आश्रमशाळेत खेळाची बाई झाली. सर २००८ साली निवृत्त झाले. त्यांच्या जागी रीतसर शिकलेल्या रुपाली मॅडम आल्या. बाईच शिक्षिका म्हटल्यावर सोबतीला वेगळी बाई लागेना.

हे ठमाबाईंना सांगायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. त्या वर्षी जिल्ह्याच्या सामन्यांच्या सकाळी ठमाबाई गाठोडं घेऊन स्टँडवर उभ्या राहिल्या. टीम केव्हाच जीपनं गेली होती. मग त्या सरांच्या दारात आल्या. "मास्तर, मले कोनं सांगलंच नाई."

सरांनाही कोणी कळवलं नव्हतं. सकाळपासून ते पेपरातली एकच बातमी तिसऱ्यांदा वाचत होते. त्यांनी पेपर घडी करून ठेवला आणि चपला घातल्या. "चला, गाडी आहे नऊची."

गडचिरोलीला पोचले तेव्हा दुसरा डाव सुरू होता.

"आपल्या कोनत्या?"

"निळ्या."

दोघं पायऱ्यांवर टेकले. रुपाली मॅडमनी त्यांना लांबून ओळखलं, धावत येऊन पाया पडल्या आणि दोन खुर्च्या आणवल्या. एका खुर्चीवर ठमाबाई ऐसपैस बसल्या. दुसरीवर त्यांनी गाठोडं ठेवलं. सर पायरीवरच राहिले. तिथून मैदान चांगलं दिसत होतं.