हजेरीत सरांचं नाव

गेल्या मंगळवारी संध्याकाळी इलेक्ट्रॉनिक सिटीच्या फ्लायओव्हरवर आमची बस ठप्प उभी होती. टाइमपास म्हणून फोन उघडला आणि पहिलीच बातमी... मूर्ती सरांना अटक. आमच्या मूर्ती सरांना!

थांबा, नीट सांगते. मला हॅम रेडिओचा नाद आहे. म्हणजे सरकारी परीक्षा द्यायची, लायसन्स काढायचं आणि वायरलेस सेटवरून आपल्यासारख्याच वेड्यांशी गप्पा मारायच्या.

नागपूरहून बंगळुरूला आले तेव्हा ऑफिसबाहेर एकही माणूस ओळखीचा नव्हता. हा नाद मला मूर्ती सरांनी लावला आणि मग हे शहर जरा माझं वाटायला लागलं. सर रिटायर्ड इंजिनिअर. इथल्या कितीतरी हॅम लोकांना त्यांनीच शिकवलंय. कुणाचाही सेट बिघडला की तो सरांच्या टेबलावर जाणार आणि देणाऱ्याला त्यांच्या बायकोच्या, वत्सला अक्कांच्या हातची कॉफी मिळणार, हे ठरलेलं.

आरोप असा, की परदेशी सेट विनापरवाना आणून विकले. खाली पोलिसांनी जप्त केलेल्या मालाचा फोटो होता. फोटो मोठा करून बघितला तर एका सेटवर संत्र्याचं स्टिकर... बाप्पा! तो माझाच सेट. गेल्या महिन्यात दुरुस्तीला दिलेला.

तोवर आमच्या हॅमवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता धुमाकूळ. एक जण म्हणे, मला आधीपासूनच शंका होती. या गृहस्थांचा डीपी सरांसोबतचा होता, तो जेवणाआधी बदललासुद्धा. दुसरे म्हणे, सर देवमाणूस, सगळं खोटं आहे. मला दोघांचाही राग येत होता. अहो, तुम्हाला काय माहीत? आणि मला तरी काय माहीत होतं म्हणा...

मग ॲडमिनचा फतवा आला. सरांबद्दल कुणी काही बोलायचं नाही, त्यांच्याकडे सेट दिला होता हे तर मुळीच सांगायचं नाही. आणि उद्यापासून हजेरीतून त्यांचं नाव वगळायचं.

आम्ही सगळे रोज सकाळी ऑफिसआधी रेडिओवर भेटतो आणि एक जण हजेरी घेतो. या आठवड्यात ती पाळी नेमकी माझी. पद्धत सरांनीच घालून दिलेली... बटण दाबून नाव घ्यायचं, उत्तर ऐकू यावं म्हणून बटण सोडायचं आणि थांबायचं. समोरच्याला सेटपर्यंत पोचायला वेळ द्या, असं ते प्रत्येक नवीन माणसाला सांगतात. कुणी आजारी असो, परदेशी असो, महिनोन् महिने गायब असो, नाव रोज घ्यायचंच.

सरांच्या पाठोपाठ अक्कांचं नाव येतं. सरांच्या आग्रहाखातर त्यांनी कधीकाळी परीक्षा दिली, पासही झाल्या, पण माइक समोर आला की तोंडाला कुलूप. मी तरी त्यांचा आवाज रेडिओवर कधी ऐकला नव्हता. त्यांचं नाव घेतलं की सरच हसून सांगायचे, ती स्वयंपाकघरात आहे, पण ऐकतेय.

बुधवारी सकाळी हजेरी घ्यायला बसले. सरांचं नाव जवळ आलं तसं मनात आलं, गुपचूप पुढे जावं... कोण विचारणार आहे? सेट माझा पोलिसांकडे पडलाय, उगाच कशाला शहाणपणा?

पण घेतलं नाव. बटण सोडलं. थांबले. नुसती खरखर.

मग अक्कांचं नाव घेतलं आणि सवयीने पुन्हा थांबले. आज त्यांच्या वतीने हसून सांगणारंही कुणी नव्हतं. पुढच्या नावासाठी बटण दाबणार, तेवढ्यात आवाज आला. बाईचा, जरासा कापरा. आधी स्वतःचा कॉल साइन, म्हणजे लायसन्सवरचं सांकेतिक नाव, अगदी नियमाप्रमाणे. मग इंग्रजीत, सावकाश... "गुड मॉर्निंग. तुमचे सगळ्यांचे आवाज इथे स्वच्छ येतायत. मूर्ती आज घरी नाहीत. मी ऐकतेय."

अक्कांचा हातात मावणारा छोटा सेट त्यांच्या स्वतःच्या लायसन्सवर, म्हणून पोलिसांनी तो तेवढा नेला नव्हता, हे नंतर कळलं. मला रडूच फुटलं. कशीबशी पुढची नावं घेतली... आणि ज्याचं नाव येईल तो आधी "गुड मॉर्निंग, अक्का" म्हणत होता. ॲडमिनसुद्धा.

त्या दिवशी सुट्टी टाकली आणि लायसन्स घेऊन थेट पोलीस स्टेशन गाठलं. कॉन्स्टेबल म्हणाले, "स्वल्प वेट माडी." केलं वेट. मग साहेबांना सांगितलं, संत्र्याच्या स्टिकरचा सेट माझा आहे, दुरुस्तीला दिला होता, हे लायसन्स. बाकीच्या सेटचं मला माहीत नाही, हेही सांगितलं, कारण खरंच माहीत नाही. त्यांनी ते लिहून घेतलं.

बाहेर आले तर बाकावर आमच्याच ग्रुपचे दोघे बसलेले, हातात आपापली लायसन्स. त्यातले एक ॲडमिन. माझ्याकडे न बघता जरा सरकले आणि पाण्याची बाटली पुढे केली.

सर अजून सुटलेले नाहीत. आरोप खरा निघाला तर काय, याची भीती वाटते, खोटं कशाला बोलू... पण तसं झालं तरी नाव घेणार. जो हजर नाही त्याचंही नाव घ्यायचं, हे त्यांनीच शिकवलंय.

आज सकाळीही घेतलं. बटण सोडलं, थांबले... मग अक्कांचं नाव घेतलं. आता त्या लगेच उत्तर देतात.