अप्पांच्या मोटारीची चकाकी

आमचे सासरे बसलिंगअप्पा सकाळी आधी स्वतः आंघोळ करायचे आणि मग मोटारीला घालायचे. मधे इष्टलिंगाची पूजा. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढले की धोतराचा काचा मारून अंगणात यायचे आणि मोटारीभोवती एक फेरी मारायचे. फेरी मारताना हात कुठेच लावायचे नाहीत. वाकून, एक डोळा मिटून, तिरप्या उन्हात तिचा रंग न्याहाळायचे. कुणी हाक मारली तर मागे न वळता म्हणायचे, "थांब जरा. बघू तर खरं."

"बघू तर खरं" हे त्यांचं पालुपद होतं. नवा माणूस असो, नवं औषध असो की कापसाचं नवं बियाणं, अप्पांचं मत त्या दिवशी कधीच मिळायचं नाही. असा सावध माणूस एका बोलण्यावरून पेटून मोटार घेतो, हे मला लग्न होऊन सेलूला आल्यावर कळलं, आणि मला हसूही आलं आणि नवलही वाटलं.

गोष्ट अशी होती. अप्पांची आई ते लहान असतानाच गेली. त्यांना वाढवलं थोरल्या बहिणीनं, गंगाआक्कांनी. त्यांना चारठाण्याला दिलेलं. दर नागपंचमीला अप्पा मुराळी होऊन त्यांना माहेरी आणायला जायचे. सासरी असलेल्या बहिणीला सणासाठी भावानं स्वतः जाऊन आणायचं, ही आमच्याकडची रीत. एका वर्षी कापसाच्या व्यवहारात अडकल्यामुळे अप्पांनी आपल्याऐवजी गड्याला बैलगाडी देऊन धाडलं. आक्कांनी गाडी रिकामी परत लावली आणि निरोप दिला, "मुराळी म्हून गडी धाडतोस व्हय?" अप्पा चिडले. त्यांनी उलटा निरोप दिला, "मंग काय मोटार धाडू?" त्यावर आक्का म्हणाल्या, "धाड मोटार. तवर तुझा उंबरा चढायची न्हाई मी."

आणि त्या खरंच आल्या नाहीत. माझ्या लग्नालासुद्धा आल्या नाहीत. अप्पाही गेले नाहीत. दोघांचा हट्ट एकाच घरचा होता ना! पंचमी आली की अप्पांचं जेवणातलं लक्ष उडायचं, असं आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई सांगायच्या. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या, त्यामुळे अप्पांना समजावणारंही कुणी नव्हतं.

निजामाचं राज्य होतं, दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. त्या उन्हाळ्यात हैदराबादेहून अप्पांची मोटार आली. पिकलेल्या जांभळाचा रंग. अख्खं सेलू बघायला लोटलं. अप्पा मला म्हणाले, "सूनबाई, येत्या पंचमीला आक्काला हिच्यात बसवून आणणार. अन् अशी नेणार, तिला आपलं तोंड दिसलं पायजे हिच्यात. येक वरखडा दिसला, तर ती म्हणल, जुनी घेतली आन् मला आणायला आला."

म्हणजे पंचमीपर्यंत हा रंग जसाच्या तसा ठेवायचा होता, आणि तो कसा ठेवतात हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. रहीमभाई ड्रायव्हर होते, पण त्यांची सगळी हयात मालाच्या लॉरीवर गेलेली. "लारी कू कौन पोंछता अप्पा? बारिश आई तो धुल गई," असं ते मोकळेपणानं सांगायचे. मला लुगडी आणि भांडी धुण्यापलीकडे काही येत नव्हतं. अप्पांना बैल धुता यायचे. एवढ्या ज्ञानावर आम्ही तिघं त्या मोटारीला भिडलो.

पहिला प्रयोग तेलाचा. "बैलाच्या शिंगाला तेल लावलं की कशी चमकत्यात!" म्हणून अप्पांनी करडीचं तेल बोळ्यानं सगळीकडे लावलं. मोटार अशी काही झळकली की रस्त्यावरचे लोक थांबले. पण आमच्या घरामागेच कापसाची सरकी काढायचं जिनिंग होतं, आणि दुपारी वारा सुटला. संध्याकाळपर्यंत मोटारीला नखशिखान्त कापसाचे उडते तंतू चिकटले, त्यावर फुफाटा. रहीमभाई कमरेवर हात ठेवून म्हणाले, "अप्पा, ये तो बुड्ढी हो गई." अप्पांना राग आला नाही. त्यांनी कापसाचा एक तंतू चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेला. "तेल धूळ धरून ठेवतंय," ते म्हणाले. "शिंगाला ठीक हाय. बैल शेपटीनं झटकतो तरी."

आता हे तेल काढायचं कशानं? त्यांनी मला विचारलं, "तुमी बाया रेशमी लुगडं कशानं धुता?" मी म्हटलं, "रिठ्यानं. साबणानं कस जातो." "मंग हेबी रेशीमच समज." पण लगेच लावलं नाही. दाराच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी बोटभर फेस लावला, पुसला, आणि दुसऱ्या दिवशी उजेडात बघितला. रंग जागच्या जागी होता. मग मी पातेलंभर रिठे भिजत घातले, आणि माझ्या हाताचा फेस आणि अप्पांचा बोळा असं आमचं सासऱ्या-सुनेचं काम सुरू झालं. शेजारणी नाकं मुरडायच्या. मुरडू देत नाकं, मला मजा यायची.

पुसायला मोटारीबरोबर मऊ चामड्याचा एक तुकडा आला होता. अप्पांनी तो काडीनं उचलून बाजूला ठेवला. "पूजेच्या हातानं चामडं?" मी म्हटलं, "अप्पा, आतली बैठक चामड्याचीच हाय की." "तिच्यावर घोंगडी टाकलीय," ते गंभीरपणे म्हणाले. मग माझं सगळ्यांत जुनं, धुऊन धुऊन साय झालेलं लुगडं त्यांनी मागून घेतलं. काठ जरीचे होते, ते आधी फाडून काढायला लावले. जरीनं रंगाला ओरखडे पडतात, हे त्यांना आपल्या नखावर घासून बघितल्यावर कळलं होतं. भर दुपारी धुतलं तर आमच्या विहिरीच्या खाऱ्या पाण्याचे पांढरे ठिपके वाळून बसतात, वरून खाली धुतलं तर चाकांची माती वर येत नाही, कडुनिंबाची सावली चांगली पण चिमण्या वाईट, हे सगळं आम्ही चुकत चुकत शिकलो. बाजारात लोक चिडवायचे, "अप्पा, गाडी हाय का देव?" अप्पा म्हणायचे, "आक्काची हाय."

मोठी चूक झाली ती भक्तीची. रोज पूजा आणि मोटारीची आंघोळ आटोपली की अप्पा ओल्या तीन बोटांनी मोटारीच्या कपाळावर, म्हणजे पुढच्या झाकणावर, विभूतीचे पट्टे ओढायचे. घरात नवी वस्तू आली की तिला विभूती लावायची, हे आम्हा लिंगायतांकडे सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी, विभूती धुण्याच्या पाण्यात जाऊ नये म्हणून, जुने पट्टे आधी कोरड्या फडक्यानं पुसायचे आणि धुतल्यावर नवे ओढायचे. पावसाळा तोंडावर आला तेव्हा त्यांना दिसलं की पट्टे पुसले तरी जात नाहीत. त्यांना वाटलं, विभूती चिकटून राहिलीय. त्यांनी जोर लावून पुसलं. पट्टे जास्तच उठून दिसायला लागले. त्यांनी आणखी जोर लावला.

मी ओसरीत पितळी तांब्या राखेनं घासत बसले होते. त्यांच्याकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं, आणि घासणं तिथंच थांबवलं. हे त्यांना सांगायचं कसं? ती नुसती राख असती तर गोष्ट वेगळी, ती विभूती होती. शेवटी तांब्याच घेऊन त्यांच्यापाशी गेले. "अप्पा, विभूती बसलेली न्हाई. रंग घासला गेलाय."

त्यांनी माझ्या हातातल्या तांब्याकडे बघितलं. मग पट्ट्यांवरून बोटं फिरवली. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला रडू यायला लागलं. आता वाटलं, पंचमीला जायचं रद्द करतात. पण ते म्हणाले, "देवाचं काय चुकलं न्हाई. लावायची जागा चुकली." त्या दिवसापासून विभूती समोरच्या काचेला लागायला लागली. रहीमभाईंना रस्ता दिसायला जरा त्रास व्हायचा, पण ते बिचारे मान वाकडी करून चालवायचे. परभणीहून अप्पांनी मेणाच्या पॉलिशचा डबा आणला. तेही आधी दाराच्या आत लावून बघितलं, मग थोडं थोडं करत चोळलं. पट्टे पुष्कळ मावळले, पण तिरप्या उन्हात दिसायचेच. अप्पा म्हणायचे, "आक्काला दुपारचं दाखवू."

चारठाण्याला निरोप धाडून पंचमीच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. आक्कांच्या सोबतीला बाईमाणूस हवं म्हणून मलाही घेतलं. सकाळी मोटारीत खरंच तोंड दिसत होतं. मी त्यात बघून कुंकू सारखं केलं. पण श्रावणातली काळी माती ती, तिला कुणाची बहीण आणि कुणाची पंचमी! देवगाव फाट्यापर्यंत मोटार काचेपर्यंत चिखलानं माखली. अप्पांनी थांबवून धुतली. दोन कोसांवर पुन्हा तीच गत. पुन्हा धुतली. रहीमभाई म्हणाले, "अप्पा, नक्को ना अब. आगे भी कीचडच है." अप्पा ऐकतात कुठले! चारठाण्याच्या अलीकडे ओढा लागला. तिथून आक्कांचं घर समोर दिसत होतं. अप्पा धोतर खोचून ओढ्यात उतरले आणि बादल्या भरायला लागले.

मी म्हटलं, "अप्पा, दिवस कलायलाय. आक्का वाट बघत असतील."

"असं चिखलाचं तोंड घेऊन जाऊ व्हय तिच्या दारात? झालंच बघ."

तेवढ्यात गावाकडून एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई अनवाणी, भराभर चालत येताना दिसल्या. मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, पण चालण्यावरून ओळखलं. अप्पाच चालत येत होते जणू. काठावर येऊन त्या थांबल्या.

"बस्या!"

सगळा बाजार ज्यांना अप्पा म्हणायचा, ते ओल्या हातातली बादली तशीच धरून उभे राहिले.

"दारात यायचं सोडून इथं काय करायलास रे? सकाळपून उंबऱ्यात बसलेय मी."

"चिखल लागलाय गं. जराशी थांब, मंग बघ कशी दिसती."

"मोटार बघायला बसले व्हते का मी इतकी सालं?" आक्कांचा आवाज फुटला. "रागाचं बोलणं ते. तू येशील म्हून बोलले."

अप्पांनी बादली खाली ठेवली. मग अगदी लहान तोंड करून त्यांनी विचारलं, "म्हंजी बैलगाडी घेऊन आलो असतो तरी आली असतीस?"

"पायी आला असतास तरी."

अप्पा मोटारीच्या पायरीवर, त्या चिखलातच बसले. इतकी वर्षं त्यांनी "बघू तर खरं" म्हणत सगळ्या जगाची परीक्षा घेतली, आणि एकदा चारठाण्याला जाऊन बघायचं तेवढं राहून गेलं. आक्का पाण्यात उतरल्या, पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "किती वाळलास रे." मोटारीकडे त्यांनी मान वळवूनही बघितलं नाही. अर्धी धुतलेली, अर्धी माखलेली अशीच ती आम्हाला घेऊन सेलूला आली.

त्यानंतर आक्का पंचमीलाच नव्हे, उन्हाळ्यातही येऊन राहायच्या. अप्पा आधी गेले, आक्का त्यांच्या मागून. मोटार अप्पांच्या शेवटच्या वर्षी विकली होती. पण मला अप्पा आठवतात ते त्यांच्या शेवटच्या आधीच्या उन्हाळ्यातले. आक्कांनी कुरडया घातल्या होत्या. अंगणात जागा पुरेना, तेव्हा त्यांनी मोटारीच्या तापलेल्या झाकणावर ओलं धोतर पसरलं आणि कुरडयांची शेवटची रांग त्यावर घातली. चीक खारट होता, धोतरातून पाझरत होता. अप्पा शेजारी खुर्ची टाकून, हातात काठी घेऊन कावळे हाकत बसले होते.

मी हळूच जवळ जाऊन म्हटलं, "अप्पा, मिठानं रंग जाईल."

"जातोयच," ते म्हणाले. "आक्काच्या कानावर घालू नको."