आउट म्हणजे आउट

जळगावात मी एका शाळेत खेळाची शिक्षिका होते आणि जिल्ह्याच्या ज्युनियर बेसबॉल संघटनेची सचिवही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे बेसबॉल म्हटलं की लोक विचारायचे, "म्हणजे सॉफ्टबॉलच ना?" मी नाही म्हणायचे. मग फरक समजावायला लागले की ते घड्याळ बघायचे. सचिव म्हणजे काय, तर मैदानावर फक्कीनं रेषा मारणं, चेंडू शिवून आणणं, पोरांच्या आईबापांना पटवणं आणि भांडणं मिटवणं. यातलं शेवटचं काम सगळ्यात मोठं. बाईमाणूस भांडण मिटवील तर गोड बोलून, असा सगळ्यांचा समज होता. मला गोड बोलता यायचं नाही.

अध्यक्ष डाळ मिलचे मालक होते. सगळे त्यांना शेठ म्हणत. ज्या मैदानावर आम्ही खेळायचो त्या मैदानाच्या ट्रस्टवर ते होते, आणि आमच्या बॅटी, ग्लोव्हज, कॅचरचा मुखवटा सगळं त्यांच्याच गोदामात असायचं. माणूस वाईट नव्हता. पोरांना केळी वाटायचा, सामन्याला खुर्ची टाकून शेवटपर्यंत बसायचा. त्यांचा मुलगा आमच्या संघात होता. हरणासारखा पळायचा. शेठचा मुलगा म्हणून मी त्याला घेतला नव्हता. पाय बघून घेतला होता.

त्या वर्षी आमच्या भागातून एकच संघ राज्य स्पर्धेला जाणार होता. जळगाव किंवा धुळे. सामना आमच्या मैदानावर होता. अंपायर नाशिकहून यायचा होता. तो आलाच नाही. मुंबई-आग्रा रस्त्यावर कुठंतरी ट्रक उलटला होता आणि सगळी वाहतूक अडली होती. पोरं पहाटेपासून तयार होऊन बसलेली. धुळ्याच्या संघाबरोबर त्यांचे म्हातारे प्रशिक्षक आले होते. देवपूरला राहायचे, सगळे त्यांना नाना म्हणत. डोक्यावर पांढरी टोपी आणि तोंडात अस्सल अहिराणी.

मी म्हटलं, "नाना, अंपायर मी होते."

नाना म्हणाले, "तुम्ही जयगावन्या, सचिव तुम्ही, आनि अंपायरबी तुम्हीच? हाई कसं चालई, बाई?"

"मग तुम्ही व्हा."

"मन्हा डोयाले दिसत नही."

"मग माझ्या मागं उभे राहा. मी लबाडी केली तर सगळ्यांसमोर सांगा."

ते खरंच माझ्या मागं येऊन उभे राहिले. पूर्ण सामनाभर. मी स्ट्राइक म्हटलं की मागून "हं" असा आवाज यायचा. मान्य की अमान्य, ते काही कळायचं नाही.

शेवटची इनिंग आली. आम्ही एका धावेनं मागं होतो आणि आमचे दोन गडी बाद झाले होते; तिसरा बाद झाला की सामना धुळ्याचा. शेठचा मुलगा दुसऱ्या बेसवर होता. आमच्या पोरानं चेंडू उजवीकडं लांब मारला आणि शेठचा मुलगा सुटला. तिसरा बेस ओलांडून तो होम प्लेटकडं आला. तो पोचला असता तर बरोबरी झाली असती आणि खेळ पुढं चालला असता. तिकडून चेंडू आला, धुळ्याच्या कॅचरनं तो घेतला, पोरानं घसरत हात पुढं टाकला, धूळ उडाली.

कॅचरचा चेंडू धरलेला ग्लोव्ह आधी पोराच्या मांडीला लागला आणि त्यानंतर पोराचा हात प्लेटला लागला. मी तिथंच वाकून उभी होते. मला दिसलं.

मी हात वर केला. "आउट!"

मागून नानांचं "हं"सुद्धा आलं नाही. मग धुळ्याची पोरं उड्या मारायला लागली, आणि शेठ खुर्चीवरून उठले.

ते चालत आले, आवाज न चढवता. "ताई, धूळ होती. तुम्हाला नीट दिसलं नसणार."

"दिसलं, शेठ."

"दिसलं नाही असं म्हणा. त्यात कुणाचा अपमान नाही. सामना पुन्हा खेळवू, नाशिकचा माणूस बोलावून."

"मला दिसलं, तर दिसलं नाही असं कसं म्हणू?"

"तुम्ही जळगावच्या ना?"

"प्लेटच्या मागं उभी असते तेव्हा नाही."

हे बोलताना हात मी खाली घेतला नव्हता. तो अजून वरच होता, हे मला नंतर कुणीतरी सांगितलं.

त्या आठवड्यात मिलच्या ऑफिसात सभा बोलावली. सगळीकडं तूरडाळीच्या टरफलांचा वास. सभासद शेठच्याच बाजूचे, कुणी मेहुणा, कुणी व्यापारातला भागीदार. त्यांनी मला चहा दिला, बिस्किटं दिली, आणि म्हणाले, चूक झाली एवढं म्हणा, विषय संपला. मी म्हटलं, चूक झाली असती तर मैदानातच म्हटलं असतं. मग राजीनामा मागितला. मी म्हटलं, देणार नाही. काढायचं असेल तर काढा, पण कशासाठी काढलं ते मोठ्यानं सांगा.

कुणी मोठ्यानं सांगितलं नाही. पण काढलं.

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या फाटकाला कुलूप होतं. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, "नोकरी शाळेची आहे, बेसबॉलची नाही. जरा जपून." घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, "निर्णय बदलायचा नाही ना?" मी नाही म्हटलं. "मग जेवून घे," तो म्हणाला. आमच्या घरात या विषयावर झालेली चर्चा एवढीच.

संघ मोडला असंच मला वाटलं होतं. पण आमच्या पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या पोराची, आई शाळेत आली. तापीपलीकडं त्यांची केळीची शेती. नवरा गेल्यावर ती एकटीच बघायची. नऊवारी, पायात चपला, हातावर विळ्यानं पडलेले जुने वण. वर्गाबाहेर उभी राहून म्हणाली, "बाई, आमची बाग मोडली. रान रिकामं हाये. पोरायले खेयू द्या तथी."

केळीचं रान म्हणजे काय, ते गेल्यावर कळलं. नांगरट झालेली, पण जमिनीत अजून कंद, पाऊल टाकलं की आत जायचं. आम्ही सगळ्यांनी मिळून कंद उपटले, ढेकळं फोडली, पाणी मारून जमीन दाबली. खताच्या पोत्यांत वाळू भरून बेस केले. पोरं एसटीनं यायची, काही सायकलनं. चेंडू शेजारच्या केळीत गेला की शोधायला निम्मा वेळ जायचा, आणि चेंडू सापडेपर्यंत पोरं घड पिकलाय का ते बघून यायची. पिचरच्या आईनं त्यावरून एकदाच आरडाओरडा केला, पुढं बोलली नाही.

बॅटी नव्हत्या. नानांना कळलं. धुळ्याहून एसटीच्या टपावर गाठोडं टाकून ते स्वतः आले. जुन्या बॅटी, फाटके ग्लोव्हज. मी आभार मानायला लागले तर हात झटकून म्हणाले, "तुम्ही निर्णय आम्हना बाजूना दिधा म्हनीसन नही आनं. पोरं खेयाले पाहिजेत."

इकडं शेठनी नवी समिती केली. पाटी लागली, सत्कार झाले, फोटो छापून आले. आणि एक दिवस रानाच्या बांधावर शेठचा मुलगा सायकल घेऊन उभा. जळगावाहून तापीचा पूल ओलांडून सायकलवर आला होता. घामानं डबडबलेला.

"मॅडम, एक विचारू? मी आउट होतो?"

"होतास."

"मला नाही वाटत. माझा हात आधी लागला होता."

"बरं."

त्यानं बाहीनं घाम पुसला. "मी सेफच होतो. पण मला खेळायचंय."

मी म्हटलं, "सायकल त्या झाडाला लाव."

मला त्याचं हे फार आवडलं. त्यानं माझं मान्य केलं असतं तर मला इतकं आवडलं नसतं. पुढं कितीतरी दिवस पोरं त्याला चिडवायची, तो प्रत्येकाला तेच सांगायचा, मी सेफ होतो. आणि बॅट हातात घेऊन उभा राहायचा.

शेठना कळायला वेळ लागला नाही. एका संध्याकाळी जीप बांधाशी थांबली. सामना चालू होता, पोरांनी आपसांत दोन संघ केले होते. शेठ उतरले, मुलाकडं बघून म्हणाले, "गाडीत बस."

मुलगा बॅट धरून उभा होता. त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "इनिंग संपू द्या, बाबा."

शेठ माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "शेठ, हे रान तुमच्या ट्रस्टचं नाही. इथं कुलूप लागत नाही. बसायचं असेल तर बसा."

पिचरच्या आईनं कुठूनशी खाट आणून बांधावर टाकली. शेठ बसले. रागानं त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण बसले. पिचरनं चेंडू टाकला, शेठच्या मुलानं बॅट फिरवली, हुकली. पुन्हा टाकला, पुन्हा हुकली. तिसरा चेंडू त्यानं सोडून दिला. तो प्लेटवरून बरोबर गेला होता, म्हणजे न मारताही तिसरा स्ट्राइक. माझ्या मनात एक क्षण आलं, आज तरी सोडून द्यावं. पण तो क्षण गेला.

"स्ट्राइक थ्री. आउट."

पोरगं पाय आपटत बाजूला झालं. "बाहेरून गेला होता," असं पुटपुटलंच. शेठ उठले, धोतराची माती झटकली आणि मुलाला घेऊन गेले. पण दुसऱ्या दिवशी मुलगा पुन्हा आला, आणि या वेळी त्याला कुणी अडवलेलं दिसलं नाही.

आता वाटेल की सगळं सुरळीत झालं. नाही झालं. जळगावात दोन संघटना आहेत, एक शेठची आणि एक आमची रानातली, हे राज्य संघटनेच्या लोकांपर्यंत पोचलं आणि त्यांनी सांगितलं, वाद मिटेपर्यंत जळगावचा संघ घेणार नाही. दोन्हीकडचा नाही. ते वर्ष कोरडं गेलं. शेवटी त्यांचा माणूस आला. शेठ म्हणाले, बाईंनी दिलगिरी व्यक्त केली तर मी मोठं मन दाखवीन. मी म्हटलं, मन आहे तेवढंच राहू द्या. तो माणूस कपाळाला हात लावून बसला. मग नानांना बोलावलं, दुसऱ्या जिल्ह्याचं मत म्हणून.

नाना म्हणाले, "पुढला साल ती मन्हा पोर्‍याले आउट देई, तवय मी भांडसू. गाव गोया करसू. पन अंपायर तीच पाहिजे."

मग तो माणूस शेठकडं वळला आणि म्हणाला, मला तुमची मुलं खेळताना दाखवा. शेठकडं पाटी होती, समिती होती, मुलं नव्हती. सगळी मुलं तापीपलीकडं होती, त्यांचा स्वतःचा मुलगाही. मान्यता आम्हाला मिळाली.

ती बातमी घेऊन मी पहिल्यांदा पिचरच्या आईकडं गेले. ती गोठ्यात होती. ऐकून घेतलं, हातातली वैरण खाली ठेवली.

"बाई, माह्या पोराचं वय निघून गेलं. आता त्याले कोन घेनार?"

ते खरं होतं. ज्या वर्षी आमचा वाद चालू होता, तेच त्याचं ज्युनियरमधलं शेवटचं वर्ष. आमच्याकडचा सगळ्यात चांगला पिचर एकही राज्य सामना न खेळता बाहेर पडला. तो तेव्हा केळीचे ट्रक भरायला जात होता.

"तुमच्या एका सबदापायी माह्या पोराचं वरीस गेलं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता.

मी म्हटलं, "आजही मी तोच निर्णय देईन."

"द्याल, मले माहीत हाये. तसाच द्या. पन मले बरं वाटावं म्हनून काई बोलू नका."

मी गोठ्यातून बाहेर पडले. बांधावरून परत आले. रस्ता तापीपर्यंत मोकळा होता, आणि मी चालत असताना माझ्या मनात राग भरून येत होता. शेठवर नव्हे, राज्यावरही नव्हे. दोन मोठ्या माणसांच्या भांडणात पोरांचं मैदान बंद करायचा हक्क कुणाला आहे, यावर.

नव्या संघटनेची पहिली सभा आमच्या शाळेच्या वर्गात झाली. मी सांगितलं, एक नियम आधी ठरू दे. वाद कुणाचाही असो, कितीही दिवस चालो, पोरांचे सामने थांबणार नाहीत. भांडणारे भांडतील, पोरं खेळतील. राज्याचा माणूस म्हणाला, "असा नियम आमच्याकडे नाही, मॅडम."

"जळगावात आहे," मी म्हटलं, आणि फळ्यावर खडूनं लिहिला.