कोरसचा फेडर

कापूरहोळच्या फाट्यावर माझं दुकान आहे. एका बाजूला पंक्चरवाला, दुसऱ्या बाजूला ढाबा आणि मधे मी, जुने अ‍ॅम्प्लिफायर नि स्टुडिओतले मिक्सर उघडून बसलेली. बाई बघून गिऱ्हाईक आधी विचारतं, "मालक कुठं हायेत?" मी मान वर न करता सांगते, "मीच मालक. बोला." माझ्या कामाचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

तरी विंझरच्या मावशीचा मिक्सर टेम्पोतून उतरला तेव्हा मला हे जमेल का, अशी शंका आली. पुण्यातला एक रेकॉर्डिंग स्टुडिओ बंद पडला तेव्हा काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, तो आणला होता. घरामागच्या खोलीत त्यावर गावोगावच्या जत्रांच्या कॅसेटी काढल्या. गायचे काका, मावशी कायम कोरसला. काकांना जाऊन बरीच वर्षं झाली. आता मावशीच्या घशातली गाठ काढायची होती आणि पुढे गाता येईल का, हे डॉक्टर सांगत नव्हते. त्याआधी तिला एक गाणं एकटीनं गाऊन ठेवायचं होतं.

"मोबाईलवर घेऊ की," मी म्हटलं.

"न्हाई. ह्याच्यावरच. लई वर्सं ह्याच्यावर गायले, पर मागंच."

मिक्सर उघडला आणि कपाळावर हात मारून घेतला. एकेका माईकचा आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या दांड्या, म्हणजे फेडर, सगळे चिकट. दर दसऱ्याला काकांनी मिक्सरची साग्रसंगीत पूजा केली होती आणि दांड्या जड झाल्या की शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं. तेलात हळदकुंकू कालवून आत लगदा झालेला.

"मशीन हाय का म्हसोबा?" मी चिडले.

"त्यांची भक्ती व्हती गं," मावशी म्हणाली.

एकेक फेडर सुटा करून स्पिरिटनं धुतला. काकांच्या आवाजाचा फेडर कामातून गेला होता. आतली काळी कार्बनची पट्टी वरच्या, म्हणजे मोठ्या आवाजाच्या बाजूला पार झिजलेली, तिथं नुसती खरखर. तसला नवा आता मिळत नाही. मग कोरसचा उघडला. तो झिजला होता फक्त तळाशी. वरची सगळी पट्टी कोरी करकरीत. काकांनी तो तिथवर कधी नेलाच नव्हता.

मला काकांचा राग आला आणि त्याच वेळी हायसंही वाटलं, कारण मला हवी होती तीच जागा शाबूत होती. खालून वर नेतानाही खरखर नको, म्हणून पट्टीवरून फिरणारी पितळी जीभ चिमट्यानं किंचित वाकवली. आता ती न झिजलेल्या कडेवरून चालली. हे काम घाईच्या माणसाचं नाही. जीभ मोडली की संपलं.

विंझरला, त्याच खोलीत, मावशी सवयीनं माईकपासून लांब उभी राहिली. "पुढं ये," मी म्हटलं आणि कोरसचा फेडर वर सरकवला. लोण्यातून सुरी जावी तसा गेला, खरखरीचा मागमूस नाही. मावशीचा मोकळा, जाडसर आवाज खोलीभर झाला. मला माझ्या हातांचं कौतुक वाटलं, आणि तिचं त्याहून जास्त.

गाणं संपल्यावर मी ते स्पीकरवर लावलं. मावशीनं उभ्यानंच ऐकलं.

"एवढा आवाज व्हता व्हय गं माजा?"

"पहिल्यापासून."

ती स्पीकरजवळ सरकली. मग म्हणाली, "परत लाव. आन् ते दार उघड, वाडीला ऐकू दे."