अन्यथाच्या पुढचं

माझे वडील आमच्या वस्तीची निवेदनं लिहायचे. हातपंप बिघडला, रेशन आलं नाही, रस्त्यावरचा दिवा गेला, की कुणीतरी कोरा कागद घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसायचं. वडील गेले आणि कागद माझ्याकडे यायला लागले. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते, पण गावात माझी ओळख 'निवेदनवाल्या मॅडम' अशीच आहे आणि मला त्याचा रागही येत नाही. वडिलांनी मला एक गोष्ट पक्की शिकवून ठेवली होती. निवेदनाचा सगळा जीव 'अन्यथा' या शब्दात असतो. वर कितीही सविनय लिहा, साहेब 'अन्यथा'पासूनच वाचायला घेतात.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे हॅकेथॉन.

आमची शाळा नांदूरघाटच्या अलीकडे. एके दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावून मोबाईलवर आलेलं एक पत्रक दाखवलं. कुठल्याशा संस्थेनं हायस्कूलच्या मुलांसाठी आभासी हॅकेथॉन ठेवली होती. मुलांनी आपल्या भागातली एक समस्या शोधायची, तिच्यावर मोबाईलमध्ये चालेल असा उपाय तयार करायचा आणि आपापल्या जागेवरूनच, पडद्यावर, परीक्षकांना दाखवायचा. आमचे संगणकाचे सर सर्वेक्षणाच्या कामावर गेलेले होते. मी म्हटलं, "सर, मला मोबाईलवर जोडाक्षर टाईप करताना घाम फुटतो. माझं तिथं काय काम?" त्यांनी चष्मा वर केला आणि पत्रकातली एक ओळ वाचून दाखवली. इंग्रजीचं कुणीतरी घाईघाईनं मराठी करून ठेवलं होतं: 'संघाने प्रथम आपले समस्या-निवेदन सादर करावे.'

"निवेदन हाय म्हनल्यावर तुमच्याशिवाय कोन?" ते म्हणाले.

मी पत्रक माझ्या मोबाईलवर मागवून घेतलं.

संघ म्हणजे दहावीतली एक मुलगी. बाकीच्यांनीही नावं दिली होती, पण बक्षिसात सायकल नाही हे कळल्यावर ती काढून घेतली. ही मात्र चिवट. संगणकाच्या सरांकडून जेवढं शिकता येईल तेवढं तिनं आधीच शिकून घेतलं होतं आणि तिची समस्याही तयार होती. ती राहते त्या फाट्यावर तालुक्याची बस थांबत नाही. हात करा, रुमाल हलवा, बस धूळ उडवत पुढे जाते, कारण कागदोपत्री तिथे थांबाच नाही. तिनं एक अॅप केलं होतं. फाट्यावर उभं राहून बटण दाबलं, की कंडक्टरच्या मोबाईलवर हॉर्न वाजणार आणि लाल अक्षरं येणार: 'फाट्यावर पोरगी उभी आहे. थांबा.'

"कंडक्टरनं हे घ्यायचं मान्य केलंय का?" मी विचारलं.

"त्यांला इचारायला आधी बस थांबाया पायजे की, मॅडम," ती म्हणाली.

मला हसू आलं, पण तिला आलं नाही. दहावीनंतर विज्ञान शिकायचं तर तालुक्याच्या कॉलेजला जावं लागतं आणि जायला ही एकच बस. बस थांबत नाही म्हणून तिच्या वडिलांनी कॉलेजचा विषय मिटवून टाकला होता आणि माजलगावकडचं एक स्थळ बघितलं होतं. धरणाच्या पाण्यावरचा ऊस, पक्कं घर. पोरगी पंधरा वर्षांची. माझं डोकंच फिरलं. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले आणि कायद्यापासून सुरुवात करून सावित्रीबाईंपर्यंत सगळं ऐकवलं. माणूस वाईट नव्हता. त्यानं मला खाट दिली, पाणी दिलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, तिला कॉलेजला काय मी पाठकुळी न्हेऊ का?" तो म्हणाला. "तुमी बस थांबवा, मी सोयरीक थांबवतो." आणि हसला. बस थांबणार नाही याची त्याला अगदी खात्री होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी त्या रागातच निवेदन लिहायला घेतलं. मुलगी टाईप करायला, मी सांगायला. प्रति, माननीय परीक्षक महोदय. विषय: फाट्यावर बस थांबत नसल्याबाबत. उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की... अशी मी सुटले. ती टकाटका टाईप करत होती. शेवटी थांबून तिनं विचारलं, "अन्यथाच्या पुढं काय लिवू?"

अन्यथाच्या पुढे आमच्याकडे उपोषण येतं. दुसरं काही लिहिलं तर साहेबांना चुकल्यासारखं वाटतं. पण स्पर्धा आभासी होती, म्हणून मी नियमाला धरून सांगितलं, "अन्यथा सदर विद्यार्थिनी स्पर्धेच्या दिवशी शाळेत आभासी उपोषणास बसेल व होणाऱ्या परिणामास प्रशासन सर्वस्वी जबाबदार राहील."

"हे खरं अन्यथा न्हाई, मॅडम," ती हळूच म्हणाली.

"खरं घरातलं असतं. ते कागदावर येत नसतं," मी म्हटलं. आणि खाली सवयीनं जोडलं, प्रत माहितीस्तव सविनय सादर: माननीय आगारप्रमुख, माननीय पोलीस निरीक्षक. प्रतीशिवाय निवेदन म्हणजे मिठाशिवाय वरण. दोन्हीकडच्या प्रती मी स्वतः तालुक्याला जाऊन दिल्या आणि पोच घेतली. हॅकेथॉनच्या पत्रकात असं काही सांगितलेलं नव्हतं, पण मनाईही नव्हती.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही संगणकाच्या खोलीत बसलो. चालू असलेला संगणक एकच, त्याला माझ्या मोबाईलचं इंटरनेट. पडद्यावर अक्षरं आली: 'कृपया प्रतीक्षा करा. यजमान तुम्हाला लवकरच आत घेतील.' मुख्याध्यापकांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. अर्धी हयात साहेबांच्या दाराबाहेर काढलेली माणसं आम्ही, आम्हाला ते ओळखीचंच वाटलं. मुलीनं तेवढ्यात डबा सोडला आणि भाकरी-चटणी खाऊन घेतली.

ती हात धुवून येते तोच दारात एक हवालदार उभा.

"जय भीम, मॅडम. उपोषन कुठं हाय?"

मी संगणकाकडे बोट दाखवलं. त्यानं वाकून पडद्याच्या मागे पाहिलं.

"कागदावर आभासी लिवलंय. म्हंजी नेमकं कुठं?"

"ऑनलाईन."

"ते कुनाच्या हद्दीत येतंय?" त्यानं वही काढली. "मला ठिकान लिवावं लागतंय. आमच्या हद्दीत नसंल तर मी जातो, पन तसं लिवून द्या."

मुख्याध्यापक म्हणाले, संस्था पुण्याकडची दिसते. हवालदाराचा चेहरा खुलला. पण मुलगी कुठली, तर इथली. चेहरा पडला. मग त्यानं स्वतःच तोड काढली. 'उपोषण पुणे येथे, उपोषणकर्ती आमचे हद्दीत' असं लिहिलं आणि बाकावर बंदोबस्ताला बसला.

पाठोपाठ आगारातले एक साहेब आले. एका हातात मोसंबीच्या रसाची बाटली, दुसऱ्या हातात पाकीट. बरोबर फोटो काढायला एक माणूस. पाकिटात लेखी आश्वासन आहे म्हणाले आणि मजकूर तोंडपाठ म्हणून दाखवला: 'सदर फाट्यावर विनंती थांबा मंजूर करण्यात येत आहे.' मी हात पुढे केला, तर साहेबांनी पाकीट मागे घेतलं.

"आधी उपोषन सोडावं लागंल. रस पाजतानाचा फोटो फायलीला लागतो. त्याशिवाय पत्र देता येत न्हाई."

"अहो, पण तिनं उपोषण केलेलंच नाही," मी म्हटलं. "आत्ता भाकरी खाल्ली तिनं."

साहेब घाबरलेच. "असं कसं? मग मी सोडवू काय? मॅडम, तुमी लई घोळ घातला. आता बसवा तिला!"

"कधीपासून बसली लिवू?" हवालदारानं विचारलं. बराच खल झाला. तिनं डबा धुतला तेव्हापासून, असं ठरलं. एवढ्यात पडदा हलला आणि यजमानांनी आम्हाला आत घेतलं.

समोर दोन परीक्षक होते, एक बाई आणि एक गृहस्थ. दोघांच्या मागे पुस्तकांची कपाटं. त्यांना आमच्याकडचं काय दिसलं असेल ते मी नंतर आठवून हसत बसते: मध्ये दोन वेण्यांची मुलगी, डावीकडे पोलीस, उजवीकडे बाटली धरलेला माणूस, मागे आ वासलेले मुख्याध्यापक. मुलगी मात्र न डगमगता बोलली. बटण दाबून दाखवलं. मोबाईलमधून बसचा हॉर्न एवढ्या मोठ्यानं वाजला, की आगाराचे साहेब सवयीनं खिडकीकडे वळले.

बाईंना कल्पना आवडली असावी. त्यांनी गोड आवाजात विचारलं, "छान. पण समजा ही समस्या सुटलीच नाही, तर काय होईल? म्हणजे याचा इम्पॅक्ट काय?"

मी मागून ओठांनी 'उपोषण, उपोषण' सांगत होते. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही.

"अन्यथा माझं लगीन हुईल," ती म्हणाली.

परीक्षक हलेनात, आम्ही हलेनात. पडदा अडकला की काय म्हणून मुख्याध्यापकांनी मागची वायर हलवून बघितली. हवालदारानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "वय काय गं तुझं?" त्यानं विचारलं. "पंधरा." त्यानं वहीचं पान उलटलं आणि नव्या पानावर लिहायला लागला. मला रडू आलं. वडिलांनी शिकवलेली सगळी निवेदनं एका बाजूला आणि या पोरीचं हे चार शब्दांचं वाक्य एका बाजूला. मला स्वतःचा अभिमान वाटायला हवा होता की लाज, ते कळेना. म्हणून मी नुसतीच नाक पुसत राहिले.

आगाराच्या साहेबांना काय करावं सुचेना. मग ते त्यांना येत होतं तेच करायला लागले. रस ग्लासात ओतला आणि पुढे झाले. "घे बाई, सोड उपोषन. बस थांबंल." तिनं रस प्यायला. फोटो निघाला. मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. पाकीट तिच्या हातात आलं, तिनं ते फोडून परीक्षकांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

"हे... हे कोण आहेत?" परीक्षक गृहस्थांनी विचारलं.

"ह्यांची बस हाय," मुलगी म्हणाली.

"आन् मी बंदोबस्त," हवालदार म्हणाला.

"एक मिनिट," गृहस्थ म्हणाले, "म्हणजे बसथांबा मंजूर झाला? आत्ता?"

"हो."

"मग तुमची समस्या?"

"सुटली की, सर."

दोघंही परीक्षक एकमेकांशी बोलायला आवाज बंद करून बसले. आम्हाला नुसते हलणारे ओठ दिसत होते. चार दिवसांनी निकाल आला: 'सादरीकरणाच्या वेळी समस्या अस्तित्वात नसल्याने प्रवेशिका बाद करण्यात येत आहे.' मुलीनं ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "चांगलं झालं." मुख्याध्यापकांनी त्याची छापील प्रत चौकटीत बसवून कार्यालयात लावली. तपासणीला साहेब आले की ते पहिल्या ओळीवर बोट धरून 'समस्या अस्तित्वात नाही' एवढंच वाचून दाखवतात. साहेब खूश होऊन जातात.

पण माझा जीव अजून टांगणीलाच होता. आमच्याकडे मंजूर होणं वेगळं आणि थांबणं वेगळं. पत्रातल्या तारखेला मी सकाळीच फाट्यावर गेले. मुलगी होती आणि तिचा बापही आला होता, स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. हवालदार मधल्या काळात त्याच्याकडे 'चहाला' जाऊन आला होता, त्यामुळे बाप माझ्याशी जरा घुश्श्यातच होता. आम्ही तिघंही रस्त्याच्या एकाच बाजूला उभे.

बस दिसली. मुलीनं बटण दाबलं नाही, नुसता हात केला. बस पुढे गेल्यासारखी वाटली, मग करकचून ब्रेक लागले आणि ती धुळीत उभी राहिली.

कंडक्टरनं दार उघडलं. "चला, चढा पटापट!"

कुणीच चढलं नाही. शाळा इकडे होती, तालुक्याला जायचं कुणालाच नव्हतं.

"मंग थांबवली कावून?" कंडक्टर खवळला.

"बघाया," बाप म्हणाला. "रोज थांबनार का?"

"लेखी हाय आता. थांबावंच लागतंय." दार आपटलं, बस गेली.

बापानं धूळ खाली बसेपर्यंत बस बघितली. मग तो माझ्याकडे वळला.

"मॅडम, माजलगाववाल्यांला एक कागद लिवून देता का? मला त्वांडानं सांगाया हुनार न्हाई." थोडं थांबून म्हणाला, "त्यात अन्यथा नका टाकू. मानसं चांगली हायेत."

"नाही टाकत," मी म्हटलं. "मग कारण काय लिहू?"

त्यानं पोरीकडे बघितलं. ती धुळीनं भरलेल्या वेण्या झटकत होती.

"लिवा," तो म्हणाला, "लग्नाच्या नादात पोरीची बस चुकंल."

मी तसंच लिहून दिलं.