रिकाम्या पिशवीचं वजन

"काकू, थांबा. ते टाकू नका."

कर्वेनगरातल्या त्या फ्लॅटमध्ये मी स्वयंपाकाला लागले, तेव्हा पहिल्याच सकाळी हे वाक्य माझ्या पाठीमागून आलं. माझ्या हातात दुधीची सालं होती. वळून बघितलं, तर चष्मा कपाळावर चढवलेली एक काटकुळी मुलगी दारात उभी. हातात भंगारवाल्याकडे असतो तसा हुकाचा काटा. तिनं सालं पिशवीत भरली, पिशवी हुकाला अडकवली, एक डोळा मिटून आकडा वाचला आणि वहीत लिहिला.

"आता टाका," ती म्हणाली. मग लगेच, "नको, राहू द्या. चटणी करू."

मला वाटलं, मुलगी कामातून गेली. पण बोलले नाही. मी कुठंच बोलत नाही. डॉक्टरीणबाईंकडे पाच वर्षं पोळ्या करते, त्यांना अजून वाटतं मला कमी ऐकू येतं. ते सोयीचंच आहे.

ही मुलगी यवतमाळकडची. आणखी दोन मुलींबरोबर तिथं राहायची आणि कॉलेजात पर्यावरण शिकायची. म्हणजे नक्की काय शिकते, हे विचारायला मला महिना लागला.

"माणसं काय काय टाकतात, ते शिकून राहिली मी, काकू."

त्याला कॉलेज लागतं का, असं मी विचारलं. मनात.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. अर्ध्या बादलीत आंघोळ, तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीला, वडापाव आणायचा तरी घरचा डबा घेऊन जायचं. कोपऱ्यावरचा भाजीवाला तिला लांबून बघूनच प्लास्टिकच्या पिशव्या पोत्याखाली सरकवायचा. मैत्रिणी तिला कचराताई म्हणायच्या. तिला त्याचं काही वाटत नसे. उलट हाक मारली की ओ द्यायची.

दुधीच्या सालांची चटणी तिनं मला मोबाइलवर बघून शिकवली. "आधी बारीक चिरायची, काकू. मग तेलात कुरकुरीत करायची." मी मान डोलवत शिकले. खरं तर माझी आई हीच चटणी आठवड्यातून चारदा करायची. गर भावांच्या ताटात, सालं आम्हा बहिणींच्या. लग्न झाल्यावर मी ती ठरवून सोडली होती. हे सांगायचं सोडून मी तिला विचारलं, "तीळ किती घालायचे?"

पुढं मी जो घोटाळा केला, त्याची सुरुवात त्या तिळांपासूनच झाली असं मला वाटतं.

तिला कॉलेजसाठी एक मोठं काम करायचं होतं. चार घरं त्या इमारतीतली आणि चार घरं धायरीतल्या आमच्या गल्लीतली. पंधरा दिवस आठही घरांचा कचरा मोजायचा. आमच्या चार घरांच्या पिशव्या रोज सकाळी बसमधून मी आणायच्या, असं ठरलं.

पहिल्या दिवशी तिनं आमच्या घरची पिशवी काट्याला लावली. काटा जेमतेम हलला. हलणार कसा? भाजीचे देठ शेजारच्या शेळीला, चहाचा चोथा तुळशीला, शिळ्या भाकरीचा कुस्करा, दुधाच्या पिशव्या धुऊन भंगारात. पिशवीत होती लसणाची टरफलं आणि सासूबाईंच्या तंबाखूची पुडी.

"बस, एवढंच?" ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. पण मला ऐकू आलं, "एवढंच खाता?"

दुसऱ्या दिवशी मी काय केलं, ते लिहितानासुद्धा मान खाली जाते. डॉक्टरीणबाईंकडे माझं काम आधी असतं. त्यांच्या बादलीतून मी मूठभर सफरचंदाची सालं आणि डाळिंबाची टरफलं उचलली आणि आमच्या पिशवीत टाकली. मग वाटलं, हे बरं नव्हे, शेजारणींचीही अब्रू आहे. म्हणून उरलेल्या तिन्ही पिशव्यांत थोडं थोडं टाकलं. आठवडाभरात माझा हात सैल झाला. वहीप्रमाणे आमच्या गल्लीत चारही घरी एकाच दिवशी डाळिंब सोललं जायचं आणि एकाच दिवशी पिस्ते खाल्ले जायचे.

एकदा तिला आमच्या पिशवीत एक मोठी, गुळगुळीत, तपकिरी बी सापडली. ती हिरव्या, लोण्यासारख्या फळाची असते. त्याचं नाव मला अजून नीट घेता येत नाही.

"काकू, हे कोणी खाल्लं?"

"सासूबाईंनी," मी म्हणाले. "उपास होता."

सासूबाईंना साबुदाण्याचासुद्धा संशय येतो. पण तिनं लिहून घेतलं. मोठ्या माणसाचं खरं मानायचं, एवढीच एक तिची खोड होती.

पंधरा दिवस झाल्यावर एका दुपारी मी पोळ्या करत होते आणि ती ओट्याशेजारी गुडघे जवळ घेऊन बसली होती. ताट तसंच.

"माझा अंदाजच चुकला, काकू. सर म्हणाले, श्रीमंत काय आणि गरीब काय, टाकायला सगळे सारखेच. तसंच लिही म्हणाले. सोमवारी द्यायचं आहे."

मी पोळी उलटली.

"मला वेगळं लिहायचं होतं. आम्ही पुस्तकातून जे शिकून राहिलो, ते तुमच्या गल्लीत आधीपासून चालतं, असं."

म्हणजे सगळ्या गल्लीवर कायमचं छापून येणार होतं की आम्ही उधळे. तेही माझ्यामुळं. शेळीला देठ घालणारी शेजारीण, किराण्याच्या पुडीचा दोरा गुंडाळून ठेवणारी सासू, सगळ्यांना मी एका हिरव्या फळापायी बदनाम करत होते. पोळी करपली तेव्हा मी बोलले.

"ती बी आमची नाही."

"कोणती बी?"

"उपासाची."

मग गॅसकडे तोंड करून सगळं सांगितलं. इतकं मी एका दमात कधी बोलले नव्हते. मला वाटलं, हे काम गेलं.

ती म्हणाली, "काकू, आजीबाई आणि उपासाला ॲव्होकॅडो?" आणि हसत सुटली. हसता हसता डोळे पुसायला लागली, तेव्हा मला कळेना की आता मी काय करायचं. मी तिला करपलेली पोळी वाढली. तिनं ती खाल्ली. टाकणार थोडीच.

संध्याकाळी तिनं सरांना फोन केला. मी मुद्दाम भांडी हळू लावत होते. "हो सर. मोजण्यात चूक झाली सर. नाही, माझीच. मी नीट विचारलं नाही." सर खूप बोलले असावेत. माझं नाव तिनं काढलं नाही. आणखी पंधरा दिवस मिळाले.

दुसऱ्या दिवशी तिनं तो काटा आणि एक कोरी वही माझ्या हातात ठेवली. "आमच्या इमारतीतलं मी बघते. गल्लीतलं आता तुम्हीच मोजा, तुम्हीच लिहा. मी पिशव्या उघडणार नाही."

"माझं अक्षर चौथीचं आहे."

"आकडे तर चौथीच्या आधीच शिकवतात," ती म्हणाली.

काटा घरी दाराच्या खिळ्याला टांगला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता कचरा मोजाया लागली का? उद्या माझे घास मोजशील." चौथ्या दिवसापासून मात्र स्वतःच उंबऱ्यात बसून पहारा द्यायला लागल्या. कुणी टरफल बाहेर टाकलं की, "काट्याला लाव आधी, आमच्या सूनबाईला लिहायचं हाय."

तिनं लिहायचं होतं ते लिहिलं. सरांना पटलं की नाही, मला ठाऊक नाही. पण ती पास झाली.

तिघींनी फ्लॅट सोडला तेव्हा बाकीच्या दोघी मोडक्या चपला, बाटल्या, शाम्पूच्या पुड्या अशा सहा पिशव्या मागं ठेवून गेल्या. हिच्या कोपऱ्यात काहीच नव्हतं. आठवण म्हणून ठेवावं असं काहीतरी मी शोधलं. केसांची एक पिनसुद्धा सापडली नाही. ती निघाली तेव्हा मी म्हणाले, "काटा आणून देते." ती म्हणाली, "राहू द्या काकू, सवय लागली ना."

आता ती तिकडं लांब कुठंतरी नोकरी करते. तिचा नंबर माझ्याकडे आहे. फोन करायचं धाडस अजून जमवते आहे.

वहीची मागची पानं कोरी राहिली होती. ती वाया घालवलेली तिला चालली नसती, म्हणून हे लिहून ठेवलं. आज सकाळीही पिशवी हुकाला लावली. काटा हलला नाही. मी दोनदा वाकून बघितलं आणि तारखेपुढं शून्य लिहिलं.